सिंहलद्वीपाचे पाहुणे आणि सिंहलद्वीपाचा पाहुणचार

महोत्सव म्हटला कीं पाहुणे आलेच. मंडप पडतो, तोरणें लागतात, बाजा ठरतो. कोणीं कोणाच्या गळ्यांत हार घालावा याची यादी चार वेळां लिहून पांच वेळां खोडली जाते. ज्या धर्मग्रामांत आपण लहानाचे मोठे झालों, त्याच्या देवळाला वर्षें भरल्याचा आनंद चार पाहुण्यांच्या संगतींतच गोड लागतो, हें खरें. परंतु स्वागत म्हणजे केवळ हारतुरे नव्हेत. दारांत आलेल्या माणसास आपण काय देतों आणि त्याजपासून मनांतल्या मनांत काय इच्छितों, या दोहोंच्या हिशेबावर स्वागताची खरी किंमत ठरते. हा हिशेब इतिहासांत जितका उघडा दिसतो तितका तो आपल्या अंगणांत दिसत नाहीं. म्हणून या स्मरणग्रंथाच्या निमित्तानें शेजारच्या एका बेटाची व आपल्या कोंकण-गोमंतकाची जुनी कथा वाचकांपुढें ठेवीत आहें.

तें बेट म्हणजे सिंहलद्वीप. आपले पूर्वज त्यास लंका म्हणत. इंग्रजी अमदानींत तें सिलोन झालें, आणि १९७२ सालापासून श्रीलंका या नांवानें ओळखलें जातें. धनुष्कोडीपासून तलैमन्नारपर्यंत समुद्राचें अंतर उणेंपुरें वीस मैल. इतका जवळचा शेजारी असल्यावर येणें-जाणें, व्यापार, सोयरीक आणि भांडणतंटा हीं सर्व ओघानेंच आलीं. परंतु येथें सांगावयाची कथा दोन स्वागतांची आहे. पहिल्या स्वागतांत बेटाचे राजे आणि राजपुत्र पाहुणे होते, व यजमान ख्रिस्ती होते. दुसऱ्यांत पाहुणा गोमंतकाचा एक गरीब धर्मगुरु होता, आणि यजमान बौद्ध राजा होता. कोणतें स्वागत खरें ठरलें, तें वाचकांनींच शेवटीं ठरवावें.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं बेटाच्या नैर्ऋत्येस कोट्टे नांवाचें राज्य होतें. दालचिनीचें हें माहेरघर. म्हणून पोर्तुगीज गलबतें कोलंबोच्या बंदरांत वारंवार दिसूं लागलीं होतीं. १५२१ सालीं कोट्टेचा राजा विजयबाहु याचा वध होऊन राज्याच्या तीन वांटण्या झाल्या. थोरला मुलगा भुवनेकबाहु कोट्टेस राहिला, आणि धाकटा मायादुन्ने सीतावक येथें गादी स्थापून भावाचें राज्य गिळावयास टपून बसला. भुवनेकबाहूस मुलगा नव्हता असें नव्हे, परंतु पट्टराणीच्या कन्येचा मुलगा धर्मपाल यानेंच आपल्यामागें राज्य करावें अशी त्याची मनापासून इच्छा होती. भावाच्या तोंडून नातवाला वांचवावयाचें तर बलाढ्य मित्र पाहिजे, असें मनांत आणून त्यानें पोर्तुगालच्या राजाकडे वकील धाडण्याचें ठरविलें.

वकिलाबरोबर जी भेट गेली ती जगाच्या इतिहासांत आगळी म्हणावी लागेल. धर्मपाल लहान मूल. त्यास सातासमुद्रांपलीकडे धाडतां येत नव्हतें. म्हणून त्याची सोन्याची मूर्ति घडविली, रत्नें जडविलेला मुकुट तयार केला, आणि श्रीरामरक्ष पंडित नांवाच्या वकिलानें हीं दोन्ही लिस्बन येथें नेलीं. १५४३ सालीं तिसऱ्या जुवांव राजानें भर दरबारांत त्या मूर्तीच्या मस्तकीं मुकुट ठेवला. कोट्टेच्या कारागिरांनीं हस्तिदंताच्या एका पेटीवर हा सोहळा कोरला; ती पेटी आजहि म्युनिक येथील राजसंग्रहांत जपून ठेवलेली आहे. शेजारच्या बेटाच्या पाहुण्याचें याहून थाटाचें स्वागत कोणत्या राजदरबारीं झालें असेल? वकिलाचा मान झाला, सनदा मिळाल्या, मैत्रीच्या आणाभाका झाल्या, आणि परततांना बरोबर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा एक मेळाहि कोट्टेस आला.

परंतु या थाटाच्या मागें दोन्ही पक्षांचा हिशेब वेगवेगळा होता. राजास पाहिजे होता भाला-बंदुकीचा आधार. यजमानांस पाहिजे होती दालचिनी, आणि राजानें धर्मांतर करावें ही अपेक्षा. भुवनेकबाहूनें धर्मगुरूंस उपदेशाची मोकळीक दिली, पण स्वतः तो अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्याच धर्मांत राहिला. त्यामुळें मैत्रींत कुरबूर वाढली. १५५१ सालीं केळणिया येथें एका पोर्तुगीज शिपायाच्या बंदुकीची गोळी लागून हा राजा मरण पावला. ती गोळी चुकून सुटली कीं जाणून सोडली, हा वाद इतिहासकारांत अद्यापि चालू आहे. पण त्यापुढें जें झालें त्याविषयीं वाद नाहीं. गोव्याचा व्हाइसरॉय दों आफोंसो द नोरोन्या हा मित्राच्या नातवाचा कैवार घेऊन आला, आणि त्यानें खजिन्याच्या शोधासाठीं मित्राचाच राजवाडा लुटला. ज्या हातांनीं सोन्याच्या मूर्तीवर मुकुट चढविला होता, त्याच सत्तेच्या हातांनीं खऱ्या मुलाच्या घरांतील सोनें उचलून नेलें.

गोव्यांतहि याच काळांत बेटावरचे पाहुणे येत होते. १५४५ च्या सुमारास कोट्टेच्या राजघराण्यांतील दोन राजपुत्र आश्रयास आले, त्यांनीं स्नानसंस्कार घेतला, आणि गादी मिळवून देण्याचीं आश्वासनें ऐकत ते दिवस कंठूं लागले. पुढच्याच वर्षीं देवीच्या रोगानें त्या दोघांचाहि गोव्यांत अंत झाला. पुढें बारदेशांतील रेइस मागुश येथील फ्रान्सिस्कन विद्यालयांत सिंहली राजकुळांतील मुलांना शिक्षण दिलें जाई. कँडीच्या राजघराण्यांतील दों जुवांव नांवाचा एक राजपुत्र येथें शिकून पुढें पोर्तुगालला गेला. तेथें त्यास राजाकडून तनखा मिळाला, मान मिळाला. लिस्बनजवळ तेल्येइरश येथें त्यानें देवमातेच्या नांवें एक मठ बांधिला, आणि १६४२ सालीं तो परदेशींच वारला. मायभूमीचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं. या मुलांना अन्न, वस्त्र, विद्या, सर्व कांहीं मिळालें. परंतु पट मांडून बसलेला खेळाडू आपलीं प्यादीं जशीं जपून ठेवतो, तसे ते जपले गेले, हें दुःखानें म्हणावें लागतें.

धर्मपालाची कथा तर याहूनहि करुण. १५५७ सालीं त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दों जुवांव हें नांव घेतलें. त्याच्या श्रद्धेविषयीं शंका घेण्याचें आपणांस कारण नाहीं. संकटांत व दारिद्र्यांत त्यानें ती शेवटपर्यंत सोडली नाहीं. परंतु त्याच वेळीं विहारांच्या व देवळांच्या जमिनी काढून फ्रान्सिस्कनांस दिल्या गेल्या, आणि प्रजेचें मन राजापासून कायमचें तुटलें. १५६५ सालीं कोट्टे शहर सोडून त्यास कोलंबोच्या किल्ल्यांत आसरा घ्यावा लागला. १५८० सालीं त्यानें आपलें राज्य मृत्युपत्रान्वयें पोर्तुगालच्या राजास लिहून दिलें, आणि १५९७ सालीं तो निपुत्रिक वारला. अशा रीतीनें मैत्रीचें स्वागत चोपन्न वर्षांत वारसाहक्काचें कागदपत्र होऊन बसलें. बेटावर आपल्या धर्माविषयीं जी अढी पुढें शतकानुशतकें राहिली, तिचें मूळ आपणांस येथें शोधलें पाहिजे. प्रभूची सुवार्ता सांगावयास गेलेल्या पुष्कळ धर्मगुरूंनीं तेथें अपार कष्ट सोसले, कित्येकांनीं प्राणहि दिले. तो त्याग खोटा नव्हे. परंतु ज्या गलबतांतून सुवार्ता आली त्याच गलबतांतून तोफाहि उतरल्या, आणि घरच्या माणसांस दोहोंतील भेद कसा कळावा?

तोफांचें राज्य तोफांनींच गेलें. १६५६ सालीं वलंदेजांनीं, म्हणजे डच लोकांनीं, कोलंबो घेतलें. १६५८ सालीं जाफना पडलें. वलंदेज प्रॉटेस्टंट पंथाचे व पोर्तुगीजांचे हाडवैरी. त्यांनीं सर्व कॅथलिक धर्मगुरूंस हांकून लाविलें, देवळें ताब्यांत घेतलीं, आणि पाद्र्यास घरांत लपविणारास देहांत शिक्षा फर्माविली. बेटावरचे कॅथलिक लोक मेंढपाळावांचून राहिले. लेंकरांचे स्नानसंस्कार घरांतील वडीलधाऱ्यांनीं करावे, मरणाऱ्याच्या उशाशीं जपमाळ म्हणावी, आणि दार लावून दबल्या आवाजांत प्रार्थना करावी, असा जवळजवळ तीस वर्षांचा काळ गेला. ज्या राजसत्तेनें त्यांस ख्रिस्ती केलें होतें ती परत फिरून त्यांच्याकडे पाहण्यास समर्थ राहिली नव्हती. मग त्यांच्याकडे गेलें कोण? राजा गेला नाहीं, आरमार गेलें नाहीं. गेला तो सासष्टीचा एक सडा धर्मगुरु.

फादर जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं बाणावली येथें, आईच्या माहेरीं झाला. वडिलांचें गांव सांकवाळ. १६७६ सालीं त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढच्या वर्षीं ऑगस्टच्या ५ तारखेस त्यांनीं आपणांस पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतलें. १६८१ ते १६८४ पर्यंत त्यांनीं कानड्यांत, मंगळूर, बसरूर, गंगोळी या बाजूस सेवा केली. त्या काळीं युरोपीय धर्मसंघांचे दरवाजे गोमंतकीय धर्मगुरूंस बहुधा बंद असत. म्हणून येथील कांहीं धर्मगुरूंनीं जुन्या गोव्यांत आपलाच ओरातोरियन संघ उभारला होता. १६८५ सालीं फादर वाझ त्या संघांत आले, आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. सिंहलद्वीपांतील अनाथ ख्रिस्ती लोकांची वार्ता त्यांच्या कानीं पूर्वींच पडली होती. प्रमुखपदाचा भार उतरवून १६८६ सालीं ते दक्षिणेस निघाले. बरोबर जुवांव नांवाचा एक विश्वासू सोबती, अंगावर मजुराचीं फाटकीं वस्त्रें, आणि मिस्साबलिदानास लागणारें थोडें साहित्य. एवढाच काय तो लवाजमा.

१६८७ सालीं तुतिकोरीनहून एका होडींतून ते समुद्र ओलांडून गेले. वाटेंत वादळ लागलें, अन्नपाणी संपलें, आणि जाफन्यास पोहोंचतां पोहोंचतां ते आजारानें अंथरुणास खिळले. कोणा दयाळू बाईनें त्यांस पेज पाजून जगविलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. थोडी शक्ति येतांच गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागूं लागले. माळ पाहून कोणाचा चेहरा उजळतो, कोण दचकतो, कोण हळूच आंत बोलावतो, हें ते निरखून पाहात. अशा रीतीनें त्यांनीं आपलें हरवलेलें कुटुंब शोधून काढलें. सिल्लालै नांवाच्या गांवीं लोकांनीं त्यांस लपवून ठेविलें. रात्रीं मिस्सा, पापनिवेदन, लग्नें, स्नानसंस्कार. दिवसा पुन्हां भिकाऱ्याचा वेष. वाचकहो, त्या सिल्लालैच्या घरांत हारतुरे नव्हते. तेथें पाहुण्यास दार उघडणें म्हणजे आपली मान सुरीखालीं देणें होतें. तरीहि दार उघडलें गेलें. पाहुणचाराची ही पहिली परीक्षा बेटावरच्या गरीब ख्रिस्ती लोकांनीं उत्तीर्ण केली.

१६८९ च्या नाताळांत वलंदेजांस सुगावा लागून जाफन्यांत मोठी धरपकड झाली. फादर वाझ हातीं लागले नाहींत. परंतु आपल्यामुळें इतरांस क्लेश होतात हें पाहून ते दक्षिणेस पुत्तलमकडे गेले, व तेथून त्यांनीं कँडीची वाट धरली. कँडी हें डोंगरांतलें स्वतंत्र सिंहली राज्य. तेथील राजांचा पाहुणचार सर्वश्रुत होता, पण तो दोन तऱ्हांचा होता. १६२६ सालीं पोर्तुगीजांनीं हुसकावलेल्या मुसलमानांस सेनरत राजानें आपल्या मुलखांत पूर्वकिनाऱ्यावर वसविलें होतें. त्याचा पुत्र दुसरा राजसिंह यानें वहाकोट्टे येथें पोर्तुगीज कुळांस जमिनी देऊन राहूं दिलें. पण याच राजानें परदेशीय माणूस एकदां हातीं आला कीं त्यास सोडावयाचें नाहीं, असाहि नेम ठेविला होता. रॉबर्ट नॉक्स नांवाचा इंग्रज खलाशी १६६० सालीं असा अडकला, तो १६७९ सालीं पळाला तेव्हांच सुटला. १६७२ सालीं फ्रेंच आरमाराकडून वकील म्हणून आलेला लानेरोल हा गृहस्थहि तेथेंच अडकून पडला, आणि कालांतरानें दरबारचा मानकरी झाला.

१६९२ सालीं पुत्तलमचा आंतोनियो सोतोमायोर नांवाचा कॅथलिक व्यापारी फादर वाझ यांस घेऊन कँडीस निघाला. गादीवर राजसिंहाचा पुत्र दुसरा विमलधर्मसूर्य होता. राजाच्या कानावर वार्ता गेली, आणि याच लानेरोलानें, जो स्वतः कॅल्व्हिनपंथी होता, सांगितलें कीं, हा साधु नव्हे, पोर्तुगीजांचा हेर आहे. झालें! पाहुण्यांचें स्वागत बेडीनें झालें. फादर वाझ, त्यांचा सोबती आणि तो व्यापारी, सर्वांस पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें.

येथें क्षणभर थांबून राजाची बाजू पाहिली पाहिजे. सोन्याच्या मूर्तीची, लुटलेल्या राजवाड्याची आणि लिहून घेतलेल्या राज्याची हकीकत त्याच्या कुळांत कोणास ठाऊक नव्हती? गोव्याहून आलेला पाहुणा म्हणजे मागाहून येणाऱ्या फौजेचा वाटाड्या, हा अनुभव त्याच्या वाडवडिलांनीं रक्त देऊन घेतला होता. फादर वाझ यांच्या हातापायांतील बेडी त्यांच्या पापाची नव्हती. ती पूर्वींच्या स्वागतांची व्याजासह झालेली वसुली होती. त्यांनीं ती निमूटपणें भरली. त्यांनीं तक्रार केली नाहीं, गोव्याच्या सरकाराकडे मदत मागितली नाहीं, कोणाची भीति दाखविली नाहीं. कैदेंत बसून ते सिंहली भाषा शिकूं लागले. पुढें थोडी मोकळीक मिळतांच त्यांनीं एक झोंपडीवजा प्रार्थनास्थान उभारलें, आणि शहरांतील कॅथलिक बंदी हळूहळू तेथें जमूं लागले.

राजा विमलधर्मसूर्य हा स्वधर्मनिष्ठ बौद्ध होता. दंतधातूसाठीं त्यानें तीन मजल्यांचें मंदिर बांधिलें; भिक्षुसंघाची परंपरा खंडित झालेली पाहून त्यानें आराकानाहून भिक्षु आणविले. असा राजा परधर्माच्या साधूकडे दुर्लक्ष करील तर नवल नव्हे. पण यानें डोळे उघडे ठेवून पाहिलें. कोणी म्हणतात कीं, एका अवर्षणाच्या वर्षीं फादर वाझ यांनीं क्रूस उभारून प्रार्थना केली, आणि भोंवतालीं पाऊस कोसळला असतां त्यांच्या अंगावर थेंबहि पडला नाहीं. तेव्हांपासून राजाची मर्जी फिरली. या कथेवर बेटावरील लोकांची फार श्रद्धा आहे. पण त्याबरोबरच रोजच्या रोज दिसणारी गोष्टहि राजानें पाहिली असलीच पाहिजे. हा मनुष्य कांहीं मागत नाहीं, कोणास पत्रें लिहून किल्ल्यांची खबर देत नाहीं, आणि गरिबांच्या घरीं जातो. हेर असा नसतो. राजानें त्यास राज्यांत फिरण्याची व उपदेश करण्याची परवानगी दिली.

खरी परीक्षा १६९७ सालीं झाली. कँडींत देवीची भयंकर सांथ आली. राजा व दरबार शहर सोडून गेले. घरोघर रोग्यांस टाकून माणसें रानांत पळालीं. त्या ओस पडलेल्या शहरांत फादर वाझ आणि नुकतेच गोव्याहून आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो मागें राहिले. रस्त्यांत पडलेल्यांस त्यांनीं उचललें, रिकाम्या घरांत निजविलें, पेज पाजली, जखमा धुतल्या, आणि मेलेल्यांस स्वतःच्या हातांनीं खड्डे खणून पुरलें. हा बौद्ध, हा ख्रिस्ती असा प्रश्न त्यांनीं कोणासहि केला नाहीं. वाचकांस गोव्यांत देवीनें वारलेले ते दोन राजपुत्र आठवत असतील. दीडशें वर्षांपूर्वीं बेटावरचे पाहुणे आपल्या दारीं याच रोगानें मेले होते; आतां आपल्याकडचा पाहुणा त्यांच्या दारीं त्याच रोगाशीं झुंजत होता. ऋण अशा रीतीनें फेडलें जातें. या सेवेनंतर कँडीच्या दरबारांत फादर वाझ यांजकडे कोणीं संशयानें बोट दाखविलें नाहीं. ज्यास बेडी घालून घेतलें होतें, त्याच्याच संघाचे धर्मगुरु मागाहून गोव्याहून एकामागून एक येऊं लागले, आणि राजानें त्यांस अटकाव केला नाहीं.

त्यांपैकीं एकाचें नांव मराठी वाचकानें तरी विसरूं नये. दिवाडी बेटावरचे फादर जाकोमे गोन्साल्व्हिस १७०५ सालीं लंकेस गेले, आणि सिंहली व तामिळ या दोन्ही भाषांत त्यांनीं एवढी ग्रंथरचना केली कीं, सिंहली वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांस मानाचें पान मिळालें आहे. त्यांच्या एका ग्रंथाचें नांव ‘देववेद पुराणय’. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रसिद्ध झालें होतें. परक्याच्या घरीं गेल्यावर त्याच्याच भाषेंत, त्याच्याच पुराणाच्या थाटानें बोलावें, ही रीत या दोघांनींहि राखली. पाहुण्यानें यजमानास देण्याचा हाच खरा मान होय.

फादर वाझ यांस बिशपपद देण्याची गोष्ट निघाली होती. त्यांनीं ती नम्रपणें नाकारली. बेटभर पायीं हिंडून शरीर झिजलें होतें. विमलधर्मसूर्यामागून आलेल्या नरेंद्रसिंह राजानेंहि त्यांजवर लोभ ठेविला. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. चोवीस वर्षें ते बेटावर होते. या सर्व काळांत ते एकदांहि मायदेशीं परतले नाहींत. तेल्येइरशच्या राजपुत्राप्रमाणें तेहि परदेशींच वारले; मात्र ते कोणाच्या पटावरचें प्यादें म्हणून नव्हे, तर घरचा माणूस म्हणून.

हें सर्व गोड गोड म्हणून सांगून थांबणें इतिहासास धरून होणार नाहीं. कँडीचा पाहुणचार कायम टिकला नाहीं. अठराव्या शतकाच्या पांचव्या दशकांत, श्रीविजय राजसिंहाच्या कारकिर्दींत, कॅथलिक धर्मगुरूंस राजधानींतून घालवून देण्यांत आलें. वादग्रंथांनीं मनें दुखावलीं होतीं, बौद्ध धर्माच्या पुनरुज्जीवनाची लाट आली होती, आणि दरबारचे वारेहि बदलले होते. आपल्या बाजूच्या लेखण्यांनींहि परधर्मावर टीका करतांना कांहीं वेळां मर्यादा सोडली होती, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. तरी फादर वाझ यांनीं लाविलेलें रोप मेलें नाहीं. गोव्याचे ओरातोरियन दीड शतकाच्या वर तेथील लोकांची सेवा करीत राहिले, आणि १८३४ सालीं पोपमहाराजांनीं सिलोनकरितां निराळी व्यवस्था केली तेव्हां तिचे पहिले प्रमुखहि त्यांच्यांतलेच होते. आपल्या उत्तर कोंकणांतहि असाच प्रसंग आला. १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकल्यावर युरोपीय धर्मसंघ निघून गेले. तेव्हां येथील देवळांतील दिवा तेवत ठेविला तो याच देशांतील धर्मगुरूंनीं व श्रद्धाळु लोकांनीं. म्हणून लंकेची ही कथा आपल्यास परकी वाटत नाहीं.

अलीकडच्या दोन स्वागतांचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें फादर वाझ यांस धन्य म्हणून जाहीर केलें. त्या वेळीं बौद्ध धर्माविषयीं पोपमहाराजांच्या एका पुस्तकांतील उद्गारांमुळें मन दुखावून प्रमुख भिक्षूंनीं भेटीस येण्याचें टाळलें. पुढें १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबोच्या समुद्रकांठच्या मैदानावर लक्षावधि लोकांसमक्ष फादर वाझ यांस संत म्हणून घोषित केलें. आणि त्याच दिवशीं, कार्यक्रमपत्रिकेंत नसतांहि, ते एका बौद्ध विहारांत जाऊन भिक्षूंस भेटले. वीस वर्षांपूर्वीं जें दार अर्धवट लोटलें गेलें होतें तें पाहुण्यानें स्वतः दोन पावलें पुढें टाकतांच उघडलें. कँडीच्या राजानें गोव्याच्या फकिरास दिलेल्या परवानगीचें स्मरण त्या दिवशीं दोन्ही धर्मांच्या कित्येक अंतःकरणांस झालें असेल.

आणि तरीहि कथा संपत नाहीं. २१ एप्रिल २०१९ रोजीं, पुनरुत्थानाच्या रविवारीं, श्रीलंकेंतील देवळांत व उपाहारगृहांत बाँबस्फोट होऊन अडीचशेंहून अधिक माणसें मारलीं गेलीं. कोलंबोचें कोच्चिकडे येथील संत अंतोनीचें देऊळ त्यांतलेंच एक. वलंदेजांच्या काळांत व्यापाऱ्याच्या वेषानें लपून वावरणाऱ्या फादर आंतोनियो यांनीं त्या देवळाचा पाया घातला, अशी तेथील परंपरा आहे. तेथें मंगळवारीं केवळ कॅथलिकच नव्हेत, तर हिंदु व बौद्ध भाविकहि येत असतात. तारीख वाचकांनीं पाहिलीच असेल. ती संत जोसेफ वाझ यांची जन्मतारीख होय. ज्या घराचें दार सर्वांसाठीं उघडें, त्यासच असा घाव बसला. पण तें देऊळ पुन्हां बांधून उघडण्यांत आलें, आणि दार पूर्वींप्रमाणेंच सर्वांसाठीं उघडें राहिलें.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. आपल्या महोत्सवास मोठे पाहुणे येतील. त्यांस हार घालूं, त्यांचे आशीर्वाद घेऊं. तें योग्यच आहे. परंतु आपल्या देवळाच्या शेवटच्या बांकावर, खांबाच्या आड, हल्लीं अनोळखी माणसें बसूं लागलीं आहेत. कोणी कामासाठीं दूरच्या प्रांतांतून आलेला, कोणी भाड्याच्या खोलींत राहणारा, कोणाची भाषा आपणांस कळत नाहीं, कोणाचा धर्महि निराळा. त्यांचें नांव विचारावयास आपल्यांतील कोण उठतो? कीं आपणहि लानेरोलप्रमाणें, स्वतः कधीं काळीं परके असून, नव्या परक्याकडे बोट दाखवितों? लिस्बनच्या दरबारानें मूर्तीवर मुकुट चढविला, पण मुलाकडे पाहिलें नाहीं. सिल्लालैच्या लोकांपाशीं मुकुट नव्हता. त्यांनीं दार उघडलें. कँडीच्या राजानें संशय धरला. पण पाहिल्यावर तो टाकून देण्याइतका तो मोठा निघाला. या तिघांपैकीं कोणाचा पाहुणचार आपण आपल्या मुलांस शिकविणार?

न्यायाच्या दिवशीं प्रभु आपणांस कोणता प्रश्न करणार आहे हें त्यानें आधींच सांगून ठेविलें आहे: परका होतों, तुम्हीं मला घरांत घेतलें काय? सिंहलद्वीपाच्या त्या डोंगराळ राजधानींत एका बौद्ध राजानें या प्रश्नाचें उत्तर दिलें, आणि गोमंतकाच्या एका धर्मगुरूनें त्या उत्तराचें सार्थक केलें. आपल्या धर्मग्रामाच्या पुढील वर्षांतहि येथें येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास असेंच उत्तर मिळो, व संत जोसेफ वाझ यांची मध्यस्थी या कामीं आपणांस लाभो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.